ग्लास दिल्यानंतरचा अर्धा तास: परवान्याचा बार सुरक्षितपणे कसा चालवावा

गिऱ्हाईक खुर्चीवरून उठताना झोकांडी खातं आणि मग काउंटरवरून वेटरला खूण होते, 'आता याला देऊ नकोस.' ही खूण उशिरा झालेली असते. दारू पोटातून लहान आतड्यात जाते, तिथून रक्तात, आणि रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला शेवटच्या घोटानंतर साधारण ३० ते ९० मिनिटं लागतात. म्हणजे समोर दिसणारी झोकांडी मघाच्या पेगची आहे. त्यानंतर दिलेले दोन पेग अजून चढायचेच आहेत.

बार चालवण्यातली बहुतेक जबाबदारी या एका उशिरातून येते. म्हणून निर्णय ओतताना घ्यावा लागतो, दिसल्यावर नाही.

ग्लासात नेमकं किती गेलं

हिशेब सोपा आहे. मिलिलिटर गुणिले बाटलीवरचे टक्के भागिले १००, त्याला ०.७९ ने गुणायचं, की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. १२ टक्क्यांची १५० मिली वाइन म्हणजे १४ ग्रॅम. ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर १३ ग्रॅम. आणि ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर तब्बल ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर दोन बाटल्या रिकाम्या असतील, तर त्याने आठ पेग घेतलेत. काउंटरवरच्या प्रत्येकाला हे आकडे पाठ हवेत, कारण ग्लासाच्या आकारावरून अंदाज हमखास चुकतो.

कॉकटेलमध्ये तर आणखी फसगत होते. लाँग आयलंड आइस्ड टीच्या नेहमीच्या कृतीत पाच प्रकारची दारू प्रत्येकी १५ मिली पडते. ४० टक्क्यांनी धरलं तरी एका ग्लासात जवळजवळ २४ ग्रॅम होतात, आणि चव मात्र सरबताची लागते. प्रत्येक कॉकटेलच्या कृतीच्या कार्डावर खाली 'इतके पेग' असं लिहून ठेवलं की वेटरला मोजायला सोपं जातं. टेबलावर अख्खी बाटली देत असाल तर ती उघडताना तिच्याही मोजणीचा विचार करा: ७५० मिली म्हणजे २५ पेग. चार जणांत वाटले तर माणशी सहाच्या वर. ही बाटली कोण ओततंय, किती वेगाने ओततंय, हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून टेबलावर बाटली ठेवण्याचा प्रकार टाळलेलाच बरा. ठेवायचीच असेल तर पेग वेटरने भरावा.

आता शरीराची बाजू. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं, म्हणजे ढोबळमानाने तासाला एक पेग. एकच खिडकी उघडी असलेल्या तिकीटघरासारखं हे काम चालतं: रांग वाढली म्हणून खिडकीचा वेग वाढत नाही. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा शिडकावा, मुद्दाम काढलेली उलटी, यांपैकी कशानेही रक्तातली दारू उतरत नाही. कॉफीने माणूस जागा होतो, एवढंच. आणि जागा झालेला नशेतला माणूस गाडीची किल्ली मागतो.

एक उदाहरण करून पाहू. ७० किलोच्या पुरुषाने दोन तासांत चार पेग घेतले. ठोकताळ्याच्या सूत्राने त्याच्या रक्तात दर १०० मिलीमागे साधारण ५५ मिलिग्रॅम अल्कोहोल उरतं. तेच चार पेग, तेवढ्याच वेळात, ५५ किलोच्या स्त्रीने घेतले तर हा आकडा १०० च्या आसपास जातो, कारण वजन कमी आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाणही कमी. अनेक देशांत वाहन चालवण्याची मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे, काही ठिकाणी त्याहून कमी. हा हिशेब कर्मचाऱ्यांना समज यावी म्हणून आहे. त्यावरून 'तुम्ही गाडी चालवू शकता' असं गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये. माणसामाणसात फरक मोठा असतो.

रिकाम्या पोटी दारू लवकर आतड्यात उतरते. पोटात अन्न असेल तर जठराचं दार उशिरा उघडतं आणि चढण संथ होते. म्हणून जेवणाची ऑर्डर पहिल्या पेगसोबत घ्यायची, तिसऱ्यानंतर नाही. नुसता खारा चखणा तहान वाढवतो. त्याने गल्ला वाढतो, गिऱ्हाइकाचं भलं होत नाही. पाण्याचा ग्लास न मागता टेबलावर असावा आणि तो भरलेला राहावा.

या सगळ्या हिशेबाला अर्थ यायचा तर माप खरं हवं. हाताच्या अंदाजाने ओतणारा बारटेंडर पेगमागे १० मिली सहज जास्त देतो. सहा पेगांचे आठ होतात आणि तुमच्या नोंदीत सहाच दिसतात. पेगमेजर काठोकाठ भरायचा, सरळ धरायचा, आणि तो ग्लासाच्या बाहेर भरायचा म्हणजे सांडलेलं ग्लासात जात नाही. चेपलेलं किंवा शिक्का पुसलेलं माप बदलून टाका. अर्धा भरलेला ग्लास वरून भरू नका. नवा पेग नव्या ग्लासात दिला की गिऱ्हाइकालाही आपली किती झाली ते कळतं.

थांबवायचं कधी, आणि कसं

प्रत्येक ऑर्डरवर वेळ पडते. त्याचा उपयोग करा. एका माणसाचे तासाभरात तीन पेग झाले की त्या टेबलाचा वेग कमी करायचा: ऑर्डर घ्यायला सावकाश जायचं, जेवणाचं विचारायचं, 'अजून एक आणू का?' हा प्रश्न बंद. नजरेनेही बघायचं, पण नजरेवर विसंबायचं नाही. आधी संकोच सुटतो: आवाज चढतो, अनोळखी टेबलाशी गप्पा सुरू होतात. मग विचार सुटतो: भराभर ऑर्डर, पैसे उधळणं, वाद. मग प्रतिक्रिया मंदावते: डोळे उशिरा वळतात, वाक्य मध्येच हरवतं. हातपाय शेवटी सुटतात. तिसऱ्या पायरीला थांबवायचं असतं. चौथी दिसली तर आधीच्या तीन कुणीतरी पाहिल्या नाहीत. रोज पिणारा माणूस मात्र रक्तात भरपूर दारू असूनही सरळ चालतो. तिथे फक्त मोजणीच खरं सांगते.

उलट बाजूही ध्यानात हवी. अडखळती जीभ, घाम, गोंधळ, चिडचिड ही मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरल्याचीही लक्षणं आहेत. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, एक हात वर न उचलणारा, असं दिसलं तर तो पक्षाघात असू शकतो. डोक्याला मार लागलेला माणूसही बेवड्यासारखाच वागतो. ज्याची एकच बिअर झाली आहे आणि जो अचानक बरळायला लागला, त्याला बाहेर काढण्याआधी विचारा, सोबत्यांना विचारा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल आणि मधुमेह असल्याचं कळलं तर साखरेचं पेय द्या. शंका असेल तर रुग्णवाहिका बोलवा.

नकार देणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. ते एकट्या नव्या वेटरवर टाकू नये. आधी काउंटर, त्या भागातला दुसरा वेटर आणि दारावरचा माणूस यांना कळवायचं, म्हणजे तेच गिऱ्हाईक पलीकडच्या कोपऱ्यातून ऑर्डर देऊ शकत नाही. मग बाजूला, सोबत्यांसमोर पाणउतारा न करता, हळू आवाजात सांगायचं: 'साहेब, आज यापुढे मला दारू देता येणार नाही. पाणी आणि खायला पाठवतो. गाडी बोलवू का?' 'तुम्हाला चढलीय' हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही, कारण त्यावर 'नाही चढली' एवढंच उत्तर असतं आणि भांडण तिथून पेटतं. नकार नियमाच्या नावाने द्यायचा, माणसाच्या नावाने नाही. एकदा दिलेला नकार मालकाने मागे घेऊ नये. मालक ओळखीपाळखीखातर 'दे रे एक' म्हणाला, की त्या वेटरचा पुढचा प्रत्येक नकार फुकट जातो. सोबती आपल्या नावावर पेग मागवून त्याच्यापुढे सरकवतात. त्यांनाही तेव्हाच स्पष्ट सांगावं की असं झालं तर अख्ख्या टेबलाची दारू बंद.

हातघाईवर आलं तर दारावरच्या माणसांना एक गोष्ट घोटून घोटून शिकवा: कुणालाही जमिनीवर पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही. दारू प्यायलेला, दमलेला माणूस पालथा दाबला गेला की त्याची छाती फुगत नाही, आणि 'श्वास घेता येत नाही' असं तो ओरडत असतानाच गुदमरून मरू शकतो. धरावंच लागलं तर उभं किंवा बसवून धरा, कमीत कमी वेळ, आणि त्याच्या चेहऱ्यावर सतत एकाची नजर हवी.

नशा घेतलेल्या दारूच्या मानाने फार जास्त आणि फार अचानक दिसली, तर पेल्यात कुणी काही टाकलं असण्याची शक्यता धरायची. तो पेला धुवायला जाऊ देऊ नका, झाकून बाजूला ठेवा. अशा माणसाला 'मी घरी सोडतो' म्हणत कुणी पुढे आलं, तर आधी त्या सोडणाऱ्याला नशेतल्या माणसाचं पूर्ण नाव विचारा. बऱ्याचदा तेच ठाऊक नसतं. २०१६ मध्ये इंग्लंडच्या लिंकनशरमधून 'आस्क फॉर अँजेला' ही पद्धत सुरू झाली: जिला सोबतच्या माणसापासून धोका वाटतो तिने काउंटरवर अँजेला आहे का, एवढंच विचारायचं. शब्द कुठलाही ठेवा, पण रात्रपाळीच्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचलेला असला पाहिजे.

झोपलेलं गिऱ्हाईक

'झोपू दे, उतरेल' हे बारमधलं सगळ्यात घातक वाक्य आहे. पोटात दारू शिल्लक असते, झोपेत ती रक्तात जातच राहते, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत उतरते. टेबलावर डोकं टेकलेल्या माणसाला हाक मारा, खांदा हलवा. नीट उत्तर आलं नाही तर श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, किंवा ओठ-नखं निळसर, कातडी गार आणि चिकट: यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका. तोवर कुशीवर वळवा. वरचा गुडघा दुमडून पुढे, वरच्या हाताचा पंजा गालाखाली, हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे झुकलेलं. एक माणूस शेजारी बसून राहील. श्वास थांबला तर पाठीवर करून छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे करता येणारी दोन माणसं तरी प्रत्येक पाळीत असावीत.

बाटली कुठून आली

मिथेनॉल, म्हणजे बनावट दारूत सापडणारं विषारी अल्कोहोल, चवीने, वासाने, रंगाने ओळखता येत नाही. फार थोड्या मिलिलिटरनेही डोळे जाऊ शकतात. आणि इथेही तोच उशीर: ते पिऊन माणूस नेहमीसारखा घरी जातो आणि १२ ते २४ तासांनी दिसेनासं होतं, पोटात कळा येतात, श्वास जोरात चालतो. त्यासोबत साधी दारूही घेतली असेल तर लक्षणं आणखी लांबतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंगमध्ये सहा परदेशी पर्यटक याच विषाने गेले.

बारच्या हातात दोनच उपाय आहेत. खरेदी फक्त परवानाधारक पुरवठादाराकडून, बिलावर बॅच क्रमांकासह. बाटल्या उतरवतानाच झाकणाची कडी, सील आणि बॅच बिलाशी ताडून पाहायचे. दुसरं, रिकाम्या बाटल्या फोडून किंवा निदान लेबल फाडून टाकायच्या, नाहीतर त्या पुन्हा भरून बाजारात येतात. आदल्या दिवशी प्यायलेल्या गिऱ्हाइकाचा 'धूसर दिसतंय' असा फोन आला, तर त्याला तात्काळ इस्पितळात पाठवा, ती बॅच फळीवरून काढा आणि अधिकाऱ्यांना कळवा. बाटली ओतून टाकू नका. इस्पितळाला तिची गरज पडेल.

तळघर, नळ आणि बर्फ

ड्राफ्ट बिअर, म्हणजे नळातून दिली जाणारी बिअर, असेल तिथे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असतात, बहुधा तळघरात किंवा बंद खोलीत. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साचतो, त्याला रंग-वास नाही. हवेत १० टक्के झाला तर माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. काही जण ऑक्सिजन मोजणारा मीटर लावून निश्चिंत होतात. तो चुकीचा मीटर आहे. ऑक्सिजन २०.९ वरून १९.५ टक्क्यांवर उतरेपर्यंत तो गप्प असतो, आणि तोवर कार्बन डायऑक्साइड सहा टक्क्यांच्या वर गेलेला असतो. कार्बन डायऑक्साइडचाच मीटर हवा, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, आणि त्याचा आवाज व दिवा दाराबाहेरही हवा. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले. आत कुणी पडलेला दिसला तर आत धावायचं नाही. वाचवायला गेलेला दुसरा माणूस तिथेच पडतो. दार उघडं टाका, बाहेरून वायू बंद होत असेल तर करा, अग्निशमन दलाला बोलवा.

बिअरच्या नळ्या दर आठवड्याला, फार तर दोन आठवड्यांनी धुवायच्या. धुण्याचं द्रावण कॉस्टिक सोड्याचं असतं आणि ते दिसायला पाण्यासारखं. ते नळीत १५ ते २० मिनिटं ठेवायचं असतं, आणि अपघात नेमका त्या वेळात होतो: पाळी बदलते, नवा माणूस नळ ओढतो, ग्लास गिऱ्हाइकापुढे जातो, आणि घसा व अन्ननलिका भाजून निघते. म्हणून धुणं सुरू करण्याआधी नळाचा दांडा काढून खिशात ठेवायचा आणि नळावर पाटी अडकवायची. शेवटी साध्या पाण्याने इतकं धुवायचं की निघणाऱ्या पाण्यावर पीएच पट्टीचा रंग आणि नळाच्या पाण्यावरचा रंग सारखाच येईल. त्यानंतरच दांडा परत. द्रावण पिण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं दिसलं, तर त्याच क्षणी फेकून द्या. ब्लीच आणि आम्लाचं क्लीनर एकत्र कधीच नको. क्लोरीन वायू निघतो.

बर्फाच्या पेटीत ग्लास बुडवून बर्फ काढणं हा सवयीचा गुन्हा आहे. काठ फुटतो, काच बर्फात मिसळते, आणि बर्फात काच दिसत नाही. पेटीत किंवा पेटीजवळ काच फुटली तर ती शोधत बसायचं नाही. पेटीवर लाल सिरप ओतायचं, म्हणजे कुणी चुकून तो बर्फ घेणार नाही. मग गरम पाण्याने सगळा बर्फ वितळवायचा, पेटी रिकामी करून पुसायची आणि नवा बर्फ भरायचा. गर्दीच्या वेळी हे वीस मिनिटांचं काम फार जड वाटतं, पण त्याला पर्याय नाही.

पेटवलेल्या पेयांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नकोत. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेते. पेटत्या पेल्यात बाटलीतून वरून ओतलं की ज्योत बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून समोरच्या माणसावर झोत येतो. द्रवरूप नायट्रोजन घातलेल्या पेयांचंही तसंच. तो उणे १९६ अंशांचा असतो, पोटात गेला तर पोट फाटतं.

गर्दी आणि दारं

२८ नोव्हेंबर १९४२ ला बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात ४९२ माणसं आगीत गेली. क्षमता ४६० ची, आत हजाराच्या आसपास. पुढचं फिरतं दार माणसांनी अडलं, बाकीची काही दारं कुलपात, काही आतल्या बाजूला उघडणारी. २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्टेशन क्लबात १०० जण गेले: शोभेच्या दारूने भिंतीवरचा फोम पेटला आणि बहुतेक लोक आत आले त्याच दाराकडे धावले. २०१३ मध्ये ब्राझीलच्या किस क्लबात २४२. कारणं तीच: आतली आतषबाजी, पेट घेणारा फोम, अपुरी दारं.

तेव्हा क्षमतेचा आकडा परवान्याच्या कागदावर असतो तसा दारावरच्या माणसाच्या हातातल्या मोजयंत्रावरही हवा, आणि बाहेर जाणारेही मोजायचे. उभ्या माणसाला किमान ०.६५ चौरस मीटर आणि टेबल-खुर्चीच्या जागेत माणशी १.४ चौरस मीटर, हे अमेरिकी अग्निसुरक्षा संहितेतलं प्रमाण ताळा करायला चांगलं आहे. तुमच्या स्थानिक नियमात याहून कमी माणसांना परवानगी असेल तर तोच आकडा धरा. संकटातली दारं बाहेरच्या बाजूला, धक्क्याने, किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. रोज उघडण्याआधी प्रत्येक दार खरोखर ढकलून पाहा, बाहेरच्या पायरीपर्यंत जाऊन. दारामागे बिअरच्या क्रेट रचण्याची सवय जवळजवळ सगळीकडे असते. बिल बुडवून कुणी पळेल म्हणून मागच्या दाराला कुलूप घालणाऱ्याला एकच सांगणं: बुडालेलं बिल पुढच्या महिन्यात भरून निघतं. आगीची घंटा वाजली की संगीत बंद, दिवे पूर्ण, बिलाचा विषय बंद.

वयाच्या बाबतीत थोडक्यात. कायद्याच्या वयापेक्षा निदान पाच वर्षं मोठा दिसत नसेल त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं, म्हणजे 'मलाच का?' हा प्रश्न उरत नाही. पत्र हातात घ्या, पाकिटाच्या प्लास्टिकमधून पाहू नका. कडा आणि फोटोभोवतीचा भाग बोटाने चाचपा. जन्मतारीख न विचारता 'तुमचं वय किती?' विचारा आणि वर्ष जुळवा. उसनं पत्र आणणारे तारीख पाठ करून येतात, वय सांगताना मात्र अडखळतात.

बंद करताना

शेवटची ऑर्डर बंद होण्याच्या अर्धा तास आधी, माणशी एकच. नाहीतर लोक एकदम तीन पेग घेऊन ठेवतात आणि दहा मिनिटांत संपवतात, आणि ते चढतात तेव्हा ते रस्त्यावर असतात. दिवे हळूहळू वाढवा, संगीत हळू करा, टेबलांवरचे रिकामे ग्लास आधी उचला. भांडणात हाताला पहिला तोच लागतो. सगळ्यांना एकदम बाहेर काढू नका. ज्यांना नकार दिला ते गाडीत बसेपर्यंत एकाची नजर असू द्या.

मग नोंदवही. प्रत्येक नकार, प्रत्येक भांडण, प्रत्येक पडणं: तारीख, वेळ, टेबल, किती पेग झाले होते, काय दिसलं, कोण काय बोललं, कुणी काय केलं, साक्षीला कोण होतं, त्या वेळेचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवलं का. 'गिऱ्हाईक दारूच्या नशेत होतं' असा निष्कर्ष लिहू नका. 'उभं राहताना दोनदा टेबल धरलं, बिलाची रक्कम तीनदा विचारली' असं दिसलेलं लिहा. त्याच रात्री, निघण्याआधी, ज्याने पाहिलं त्याच्याच हाताने. चूक झाली तर खोडून काढायची नाही. एक रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती आणि सही.